२८ लिटरचा साधा ओटीजी: नॉबवरचा आकडा सोडा, बाकी मशीन एक नंबर

आधी निकाल सांगून टाकतो, मग सविस्तर. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, पुढं तीन नॉब, आत पंखा नाही, असा २८ लिटरचा साधा ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेलं विजेचं मशीन, आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात वर्षाच्या वर झालं चालतोय, रोज नाही पण आठवड्याला हमखास, आणि मी त्याला पाचातले चार स्टार मनापासून देतो. एक स्टार कापलाय तो फक्त तापमानाच्या नॉबसाठी. तो का कापला हे सांगायलाच एवढं लिहायला बसलोय, कारण घरी केक-ब्रेड शिकायला लागलेली माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं त्या एका नॉबपायी थांबलीत, ओव्हन माळ्यावर गेलाय आणि "आपल्याला नाही जमत" म्हणून विषय बंद. जमतंय की. हात चांगला असतो, रेसिपी पण बरोबर असते, आतलं तापमान तेवढं वेगळं असतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगतोय ते सहा ते नऊ हजारातल्या नॉबवाल्या कुठल्याही ओटीजीला बऱ्यापैकी लागू पडेल.

मी शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटला आहे. दिवसभर भट्टी आणि तापमान हेच काम, तिथं साडेआठशे-नऊशे डिग्री, इथं एकशेऐंशी, पण नियम तेच. आमच्यात नवीन पोराला पहिली गोष्ट शिकवतात ती ही की पॅनेलवर दिसतो तो आकडा थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) जिथं बसवलाय तिथला असतो, जॉबचा (भट्टीत तापवायला ठेवलेल्या वस्तूचा) नसतो, आणि दुसरी ही की भट्टी तापली म्हणजे जॉब तापला असं नाही, त्याला आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ द्यावा लागतो, त्याला आम्ही सोकिंग म्हणतो. ओटीजी घरी आला तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल तर एक के टाइप थर्मोकपल आणि डिजिटल मीटर आणून त्याची वायर दारातनं आत सोडली, टोक बरोबर मधल्या जाळीवर अधांतरी ठेवलं आणि वही घेऊन समोर बसलो. बायको म्हणाली, "अहो केक कधी करणार?" म्हटलं आधी भट्टी कळू दे.

तर कळलं ते असं. नॉब १८० वर ठेवला, सात-आठ मिनिटांत लाल दिवा गेला, म्हणजे मशीनच्या मते झालं तापून. मीटरवर त्यावेळी मध्यभागी २०० च्या वर आकडा. मग रॉड बंद, तापमान उतरत उतरत १६० च्या आसपास आलं तेव्हा कुठं रॉड परत पेटले, परत वर. असं वरखाली वरखाली. चारपाच फेऱ्या झाल्यावर सरासरी १९० च्या जवळ स्थिरावली. १५० वर ठेवला तर सरासरी १६५, आणि २३० वर ठेवला तर मात्र २१० च्या पुढं जायला तयार नाही. म्हणजे नॉब कमी आकड्यावर असला की आत जास्त, मोठ्या आकड्यावर असला की कमी. प्रत्येक मशीनचं हे गणित वेगळं येणार, तुमचं माझ्यासारखंच असेल असं नाही, उलटंही असू शकतं.

हे का होतं तर आत जो थर्मोस्टॅट असतो तो दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या चिकटवून केलेला असतो, तापला की वाकतो आणि करंट तोडतो, गार झाला की सरळ होऊन परत जोडतो. वाकायला आणि सरळ व्हायला वेळ लागतो म्हणून हे वरखाली. शिवाय तो बसवलेला असतो बाजूला नॉबांच्या मागं, तुमचा केक असतो मधी. त्याला केकाजवळ किती तापलंय ते कळायचा मार्गच नाही. यात कंपनीनं फसवलं असं म्हणायचं नाही, या किमतीत एवढंच येतं, पण माहिती पुस्तकात ही गोष्ट एका ओळीनं जरी लिहिली असती तर कितीतरी घरातले केक वाचले असते असं मला खरंच वाटतं, आणि स्टार कापलाय तो यासाठीच.

थर्मोकपल सगळ्यांकडं नसतो, त्याची गरजही नाही. ओव्हनमध्ये टांगायचा गोल काट्याचा थर्मामीटर मिळतो, तीनचारशे रुपयात. ओटीजी घेताना त्याच दिवशी तोही घ्या, केकचे सुंदर सुंदर साचे नंतर घ्या. तोही नसेल तर साखरेची टेस्ट करा. साखर १८६ डिग्रीच्या आसपास वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर, नॉब १७५ वर, चांगलं तापल्यावर आत ठेवून पंधरा मिनिटं, वितळायला नको. वितळली तर तुमचा ओव्हन जास्त तापतोय. मग दुसऱ्या वाटीत नवीन साखर घेऊन नॉब १९० वर, पंधरा मिनिटांत वितळायला पाहिजे, नाही वितळली तर कमी तापतोय. दोन चमचे साखरेत ओव्हनचा स्वभाव कळतो, यापेक्षा स्वस्त शिक्षण नाही. आणि साखर गार झाल्यावर कडक पाक होतो, तो पोरांना द्या.

प्रीहीटचं, म्हणजे आधी रिकामा ओव्हन तापवायचं, पण असंच. दिवा गेला म्हणजे हवा तापली, पत्रा नाही तापला. त्या क्षणी दार उघडून टिन ठेवला की माझ्या मीटरवर चाळीस-पन्नास डिग्री पडलेले दिसतात आणि परत चढायला वेळ लागतो. दिवा तीनदा जाऊ-येऊ द्यावा, वीस मिनिटं धरा, मग पत्रा आणि दार सगळंच तापलेलं असतं आणि उघडलं तरी लगेच सावरतं. केक मधी बसायचा प्रकार आमच्याकडं या एका गोष्टीनं थांबला, रेसिपीत काही न बदलता.

आणखी एक टेस्ट सांगतो, ती तर लई आवडली मला. जाळीवर साध्या ब्रेडच्या स्लाइस शेजारी शेजारी पसरून ठेवायच्या, दोन्ही रॉड चालू, आणि रंग यायला लागला की काढून आहे त्याच क्रमानं ओट्यावर मांडायच्या. कुठली स्लाइस काळपट, कुठली पांढरी ते बघायचं. आमच्या मशीनला मागचा उजवा कोपरा जास्त लागतो आणि दाराकडची बाजू फिकी राहते, दार काचेचं आहे, तिथनं उष्णता जाते. तेव्हापासून नानकटाईचा ट्रे निम्म्या वेळानंतर फिरवायचा हे घरात सगळ्यांना पाठ झालंय.

आता नानकटाईवर येतो, कारण ओटीजी घेतलाच तिच्यासाठी. कोल्हापुरात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना सांगायला नको, दिवाळीच्या आधी रवा मैदा साखर तूप घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा, ट्रेत गोळे मांडायचे आणि भट्टीतनं आलेली गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी. आईला त्या चवीची नानकटाई घरात पाहिजे होती. आईच्या हातात अंदाज आहे, वाटी-चमच्याचा, माझं काम होतं तो अंदाज वजनात आणायचं, म्हणून ती करत असताना प्रत्येक वस्तू आधी काट्यावर ठेवून लिहून घेतली. मैदा २०० ग्रॅम, बेसन २५, बारीक रवा २५, पिठीसाखर १२५, साजूक तूप १५०, अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलची, जायफळ, चिमूट मीठ. या मापात आम्ही बऱ्याच खेपा काढल्या आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम ठेवला. हा नियम महत्त्वाचा आहे हो. दोन गोष्टी एकदम बदलल्या की चांगलं का झालं तेही कळत नाही आणि बिघडलं का तेही कळत नाही.

सगळ्यात मोठा फरक तुपानं पडतो. तूप थिजलेलं, रवाळ पाहिजे, वितळलेलं नाही. आई म्हणाली होतीच, "अरे तूप थिजू दे की आधी, काय गडबड आहे." थिजलेलं तूप आणि साखर पांढरं हलकं होईपर्यंत फेसायचं, त्यात हवा अडकते, तीच नानकटाई खुसखुशीत करते. मे महिन्यात आमच्याकडं तूप डब्यातच पातळ असतं, तेव्हा ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून घ्यायचं आणि गोळे ट्रेवर मांडल्यावर ट्रे पण पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये, नाहीतर ओव्हनमध्ये गेल्या गेल्या तूप वितळून गोळे पसरतात आणि पापड होतो. पसरण्याचं दुसरं कारण कमी तापमान, कडा धरायच्या आधी तूप सुटतं. उलट जास्त तापमानाला वरून पटकन लाल होते आणि आत कच्ची, दातात पीठ लागतं. खरं तापमान १६० ते १६५, माझ्या मशीनला नॉब १५० वर, दोन्ही रॉड, मधली जाळी, अठरा-वीस मिनिटं. बाहेर काढताना हाताला मऊ लागते, मऊच काढायची, गार होताना कडक होते. कडक होईपर्यंत आत ठेवली तर गार झाल्यावर दगड.

आई पूर्वी निम्मं वनस्पती तूप घालायची, बेकरीतली चव त्यानंच येते असं तिचं म्हणणं आणि खुसखुशीतपणा खरंच जास्त येतो. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळं पूर्वीइतकी भीती नाही, पण चव विचाराल तर साजूकच. एका खेपेला मैद्यातलं १०० ग्रॅम काढून नाचणीचं पीठ घातलं, चंदगडकडची नाचणी, वरती तिकडचाच काजू. नाचणीत ग्लूटेन, म्हणजे मैद्याला ताण देणारं प्रथिन, नाही आणि नानकटाईला ते लागतही नाही, त्यामुळं काही बिघडत नाही, उलट जास्त भुसभुशीत होते. रंग काळसर येतो म्हणून झाली का नाही ते रंगावरनं कळत नाही, खालची बाजू उचलून बघायची. आता पाहुण्यांना हीच जास्त आवडते.

ट्रेचा मुद्दा राहिला. मशीनबरोबर आलेला ट्रे छोटा आणि काळा, खालनं लवकर लावतो. मी उद्यमनगरातनं एका पत्राकाम करणाऱ्याकडनं अॅल्युमिनियमचा ट्रे वाकवून घेतला, कोल्हापूरला हे सुख आहे, माप द्या आणि संध्याकाळी घेऊन जा. करून घेणार असाल तर दोन गोष्टी. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा खायच्या वस्तूला अजिबात नको, अॅल्युमिनियम नाहीतर ३०४ स्टील सांगा. आणि ट्रे पूर्ण रुंदीचा करू नका. मी आधी जाळीभर करून घेतला होता तेव्हा खालची सगळी उष्णता ट्रेखाली अडकून बसायची, खाली करपायचं आणि वरती फिकट, मीटरवर ट्रेच्या खाली आणि वर साठ डिग्रीचा फरक दिसला. चारी बाजूनं इंचभर कापून घेतला, फरक गेला. ओव्हनमध्ये हवा फिरायला जागा पाहिजे, भट्टीत जॉब मांडतानाही आम्ही हेच बघतो.

ब्रेड. हा माझा आवडता विषय, इथं जरा थांबतो. कोल्हापुरात मिसळीबरोबर आपण स्लाइस ब्रेड खाणारी माणसं, आणि कट ओतल्यावर ब्रेड कसा वागतो यावर त्याची परीक्षा. विकतचा मऊ ब्रेड रश्शात पडला की विरघळून लगदा होतो, मला असा पाहिजे होता की कट पिऊन घेईल पण हातात धरल्यावर तुटणार नाही. ४०० ग्रॅम मैदा, २६० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर, २५ ग्रॅम लोणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, हे आता पक्कं माप झालंय. पाण्याचंही वजनच करायचं. वाटीनं मैदा मोजला तर दाबून भरला की हलका भरला यावर एका कपात वीस-तीस ग्रॅम इकडंतिकडं होतात, आणि ब्रेडमध्ये तेवढ्यात कणीक चिकट तरी होते नाहीतर घट्ट तरी. साडेतीनशे-चारशेचा डिजिटल काटा घ्या. थर्मामीटर आणि काटा या दोन वस्तूंनी जे शिकवलं ते शंभर व्हिडिओंनी नाही शिकवलं.

मैदा घेताना पाकिटाच्या मागं प्रोटीन बघा, १०० ग्रॅमला ११ च्या आसपास किंवा वर असेल तर ब्रेडला घ्या, ९-१० वाला केकला. सुटा मैदा लक्ष्मीपुरीत छान मिळतो पण त्यावर आकडा नसतो, दोन किलो आणून आधी एक ब्रेड करून बघायचा. मळणं दहा-बारा मिनिटं, घड्याळ लावून. झालं का हे बघायला लिंबाएवढा गोळा घेऊन हलक्या हातानं ताणायचा, पातळ पडदा होऊन त्यातनं उजेड दिसला पाहिजे, आधीच फाटला तर अजून मळा.

फुगायला किती वेळ हे कुठल्याच रेसिपीत तुमच्यासाठी लिहिलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या माळ्याखालच्या स्वयंपाकघरात पस्तीस-चाळीस मिनिटांत दुप्पट होतं, डिसेंबरात पहाटे केलं तर दीड तास सुद्धा कमी. पावसाळ्यात अजून एक, मैदाच दमट असतो, पाणी दहा-पंधरा ग्रॅम कमी घाला. म्हणून घड्याळ नाही, भांडं बघायचं, उभ्या डब्यात कणीक ठेवून बाहेरनं रबर लावायचं, दुप्पट झालं की कळतं. थंडीत मी ओटीजीच वापरतो, बंद ठेवून आत गरम पाण्याचं भांडं, मस्त ऊब राहते. यीस्ट भिजवायचं पाणी कोमट म्हणजे बोट सहज राहील असं, ३५-४० डिग्री, पन्नास-पंचावन्नच्या पुढं यीस्ट मरायला लागतं. पाकीट फोडलं की घट्ट डब्यात भरून फ्रीझरला ठेवा, महिनोन्महिने टिकतं, बाहेर दमट हवेत लवकर त्याचा जीव जातो.

भाजताना २८ लिटरच्या मशीनची मर्यादा दिसते. ब्रेड फुगून वर येतो आणि वरचा रॉड एकदम जवळ, पंधराव्या मिनिटालाच वरून गडद होतो आणि आत अजून ओला. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत, खरं तापमान १९० ते २००, पहिली दहा मिनिटं आत छोट्या वाटीत उकळतं पाणी, आणि वरती रंग आला की फॉइल झाकायचं. एकूण बत्तीस-पस्तीस मिनिटं. झाला का हे मी स्वयंपाकाच्या टोकदार थर्मामीटरनं बघतो, मधी खुपसून ९३ ते ९५ आलं की काढायचा. रंग कितीही सुंदर दिसला तरी पोटात ८५ असेल तर तो कच्चा आहे, कापल्यावर चिकटणार. आणि कापायचा पूर्ण गार झाल्यावरच, दोन तास तरी, आतला स्टार्च गार होताना बसतो, गरम कापला की चुरगळतो. घरातल्या माणसांना एवढा वेळ थांबवणं हे बेकिंगमधलं सगळ्यात अवघड काम आहे. दुसऱ्या दिवशीचा ब्रेड मिसळीला आणखी चांगला, जरा आवळलेला असतो. रविवारी सकाळी आईची मटकीची उसळ, झणझणीत कट आणि हा ब्रेड, विषय संपला.

गव्हाचं पीठ निम्मं घालूनही करतो, चक्कीचं पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं, ४०० ग्रॅमला पंचवीस-तीस ग्रॅम पाणी वाढवायचं. पूर्ण गव्हाचा मला अजून पाहिजे तसा हलका मिळालेला नाही, त्यावर काम चालू आहे.

केकचं थोडक्यात. सगळे व्हॅनिला, चॉकलेट सांगतातच, मी गुळाचं सांगतो, आपल्याकडं गूळ असताना आपण साखरेमागं का लागावं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि गुऱ्हाळं सुरू झाली की ताजा गूळ शाहूपुरीत गेलं की मिळतो. १५० ग्रॅम गूळ किसून कोमट दुधात विरघळवायचा, उकळत्या दुधात नाही, दूध फाटतं. गाळून घ्यायचा, पूर्ण गार करायचा. गूळ थोडा आंबट गुणाचा असतो आणि दही पण पडतं, त्यामुळं खायचा सोडा चांगला काम करतो, अर्धा चमचा पुरे, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. सोडा जुना आहे का हे बघायला चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळायचं आणि बेकिंग पावडर असेल तर गरम पाण्यात टाकायची, जोरात फसफसलं पाहिजे. गुळाचा केक साखरेच्या केकपेक्षा लवकर लाल होतो, म्हणून खरं तापमान १६५, फक्त खालचा रॉड आणि शेवटची दहा मिनिटं दोन्ही. रॉड वेगवेगळे लावायची सोय असलेलाच ओटीजी घ्या हे त्यासाठीच सांगतोय, ती सोय ग्रिलसाठी येणाऱ्या फिरत्या सळईपेक्षा आणि डिजिटल डिस्प्लेपेक्षा कितीतरी कामाची. सळई आम्ही अजून डब्यातनं काढलेली नाही.

घरच्यांना ओटीजी खऱ्या अर्थानं आवडला तो मात्र बेकिंगनं नाही, चटणीच्या वेळी. वर्षाची चटणी करताना खोबरं, तीळ, धणे भाजत उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहायचं म्हणजे आई-बायकोचा घाम निघायचा. खोबऱ्याचे काप एका थरात, १५० वर, दहा-बारा मिनिटं, मधी एकदा हलवायचं, सगळीकडं एकसारखा रंग. शेंगदाणे १६० वर वीस मिनिटं, सालं हातानं चोळली की निघतात. मिरच्या मात्र आत अजिबात भाजू नका, उन्हात वाळवून कांडपला द्या, बंद पेटीत तिखटाचा धूर कोंडला की दार उघडणाऱ्याचं काही खरं नाही आणि वास आठवडाभर जात नाही. धणे भाजल्यावर सुद्धा लगेच केक लावू नये, रिकामा ओव्हन २०० वर पंधरा मिनिटं चालवून, गार करून, लिंबाच्या पाण्यानं पुसून मग.

पिझ्झाची आशा फार ठेवू नका. हॉटेलातली भट्टी चारशेच्या वर जाते, हा अडीचशे म्हणतो आणि माझा २१० ला थांबतो. त्यातल्या त्यात बिडाचा जाड तवा उलटा करून खालच्या जाळीवर पूर्ण उष्णतेला चाळीस मिनिटं तापवायचा आणि पिझ्झा थेट त्यावर सरकवायचा, बीड उष्णता धरून ठेवतं म्हणून बेस खालनं कुरकुरीत होतो. एवढ्यावर समाधानी असाल तर ठीक.

बाकी कुरबुरी किरकोळ आहेत. टायमरचा नॉब पाच-सहा मिनिटांचा झोल देतो, मोबाइलचा अलार्म लावतो. आत दिवा नाही, बॅटरी मारून बघावं लागतं, दिवा असलेला मिळाला तर पाचशे रुपये जास्त द्या. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, घरात लहान पोरं असतील तर ओट्याच्या आत सरकवून ठेवा, पण मागं भिंतीपासून चार इंच सोडून.

लाइटचं विचारतात सगळे. १५०० वॅट म्हणजे सलग तासभर पेटला तर दीड युनिट, पण तापल्यावर रॉड निम्मा वेळच चालू असतात, त्यामुळं प्रीहीट धरून तासाच्या भाजणीला साधारण एक युनिट. एका प्रीहीटवर ब्रेड, मग नानकटाई, मग शेंगदाणे असं लावलं की अजून परवडतं. प्लग मात्र जपा. साडेसहा अँपिअर ओढतो, घरातलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, त्यामुळं मोठा १६ अँपिअरचा प्लग येतो, आणि लोक त्याला अडॅप्टर लावून मिक्सरच्या बोर्डात खुपसतात. पेठेतली जुनी घरं, जुनं वायरिंग, असं करू नका. वायरमनला बोलावून वेगळी लाइन आणि व्यवस्थित अर्थिंग करून घ्या, बॉडी पत्र्याची आहे.

ज्यांना वर्षातनं दोन वाढदिवसांना केक करायचाय त्यांनी घेऊ नये, कुकरमध्ये मीठ घालून शिट्टी-गॅस्केट काढून केक छान होतो, वरून रंग येत नाही एवढंच. ज्यांना शिकायचंय, परत परत करून बघायचंय, त्यांनी बिनधास्त घ्या आणि २८ च्या खालचा घेऊ नका. घ्यायला जाताना घरातला ब्रेडचा टिन आणि सगळ्यात मोठा केकचा टिन पिशवीत घालून न्या, दुकानदाराला सांगून आत ठेवून बघा, दार नीट लागतंय का, चारी बाजूनं दोन बोटं जागा राहते का, आणि ब्रेडच्या टिनाच्या वर रॉडपर्यंत चार बोटं तरी आहेत का. नसतील तर एक साइज वरचा घ्या, हजार-बाराशे जास्त गेले तरी चालतील.